न पेटलेला दिवा

मी एक जुना टेस्टर आहे, मित्रांनो. पिवळी पारदर्शक मूठ, पुढे चपटे लोखंडी टोक आणि पोटात मुगाएवढा दिवा. नळदुर्गला हायवेलगत गफारभाईंचे, पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे दुकान आहे. त्यांच्या खिशात माझी तीस वर्षे गेली.

माझे काम सोपे. टोक वायरीला लावायचे, मागच्या टोपीवर बोट ठेवायचे. दिवा पेटला की वीज आहे. नाही पेटला की खुशाल हात घाला. जळकोटचे जुने गिऱ्हाईक वीरप्पा एकदा चार माणसांत म्हणाले होते, "गफारभाईचा टेस्टर खोटं बोलत न्हाय." तेव्हा मी फार फुगलो. आज ते बोल आठवले की खिशातून बाहेर येऊ नये असे वाटते.

गफारभाईंची नात झरीन आणि तिची मैत्रीण मैथिली यांनी शाळेच्या स्पर्धेसाठी चेंडू उचलणारा रोबोट केला होता. दोन दिवसांनी कळंबला जायचे होते. रोबोट चालत होता, पण वायरींचा नुसता गुंता.

"ही काय बाभळीची फांदी हाय का?" गफारभाई म्हणाले. "कुठली कुठं चाललीय, तुमचं तुमाला तरी कळतंय का?"

"आम्हाला कळतंय, चाचा," मैथिली म्हणाली. "परीक्षकांना कळलं पाहिजे. नीट वायरिंगला दहा गुण आहेत."

मुली रोबोट दुकानातच ठेवून रंगीत टेप आणायला गेल्या. निघण्याआधी बॅटरी काढायचे काम मैथिलीचे होते. ती विसरली.

गफारभाईंना राहवले नाही. त्यांनी मला वायरीवर टेकवले. माझा दिवा पेटला नाही. मित्रांनो, मी घरच्या, शेतातल्या लाइनीवर पेटतो. बारा व्होल्टच्या बॅटरीची मला खबरच लागत नाही. पण मी अडाणी आहे हे मला सांगता कुठे येते?

"मेलेली हाय," असे म्हणत त्यांनी चार-पाच लांब वायरी आखूड करायला एका मुठीत धरल्या आणि पक्कडीने एकदम कापल्या. पक्कडीच्या जबड्यात बॅटरीची वायर बारीक वायरींना भिडली. चट् आवाज झाला. बोर्ड, म्हणजे रोबोटचे डोके, जळाला.

मुली परतल्या. झरीनने वास घेतला, बॅटरीकडे पाहिले. "मैथिली, तू काढली नव्हतीस?"

मैथिलीने दप्तर उचलले. "माझ्यामुळं गेलं सगळं. मी येत नाही कळंबला."

गफारभाई गप्प. मी त्यांच्या खिशात गप्प. ती दुकानाची पायरी उतरेपर्यंत आम्ही दोघांनी तिला दोषी राहू दिले. जळालेल्या बोर्डापेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटते.

मग त्यांनी मला बाहेर काढले. "थांब, बाळ. बॅटरी राहिली, खरं हाय. पण वायर जिती हाय का, ते मी ह्याला विचारलं. तुमाला विचारायला पायजे होतं."

"नाना, हा बॅटरीवर पेटतच नाही," झरीन म्हणाली. "आमच्या पहिल्याच धड्यात आहे."

"मग त्या धड्याला मी गैरहजर होतो."

मैथिली पायरी चढून परत आली. तिने आधी बॅटरी काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. मागच्या वर्षीचा साधा, नुसती चाके चालवणारा बोर्ड बसवला. लाल वायरी एकीकडे, काळ्या दुसरीकडे. दोन्ही टोकांना चिठ्ठ्या, 'डावे चाक', 'उजवे चाक'. गफारभाईंनी प्रत्येक चिठ्ठी सावकाश वाचली आणि मगच वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी आवळली.

कळंबला रोबोट चालला, पण जुन्या बोर्डावर त्याचा हात काही हलला नाही. एकही चेंडू उचलला गेला नाही. वायरिंगला दहापैकी दहा मिळाले. मुली हसल्या. गफारभाई मागे भिंतीला टेकून उभे होते.

परवा वीरप्पा दुकानात आले. मला उचलून म्हणाले, "ह्याच्या गळ्यात ही पाटी कशाला?"

झरीनने माझ्या मुठीवर चिठ्ठी चिकटवली आहे, 'बॅटरीवर याला विचारू नये'.

"पाटी त्याला न्हाय," गफारभाई म्हणाले. "मला हाय ती."

मित्रांनो, माझा दिवा पेटला नाही, तर वीज नाही असे लगेच समजू नका. मला काही कळलेच नसेल, असेही समजा. आधी बॅटरी काढा, मग हात घाला. आणि चूक आपली असेल, तर दुसरे कोणी पायरी उतरायच्या आत बोला.