चार पाळ्या

"टायरीला सोडा," ऑर्विल टॅकेट संघाच्या बैठकीत म्हणाला.

ओमाहाच्या बास्केटबॉल संघासाठी ऑर्विल बावीस वर्षं नवे खेळाडू हेरत हिंडत होता. टायरी ब्रूसार्डलाही त्यानंच लुइझियानातल्या एका गळक्या व्यायामशाळेत हेरलं होतं. आता टायरी संघाचा जीव होता. पण संघ धड वरही जात नव्हता, धड तळालाही नाही. अशात एक श्रीमंत संघ टायरीच्या बदल्यात ड्राफ्टमधल्या आपल्या चार वर्षांच्या पाळ्या द्यायला तयार झाला. म्हणजे नव्या खेळाडूंची निवड होताना ओमाहाला दर वर्षी एकदाच्या ऐवजी दोनदा निवडता येणार होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" संघाची व्यवस्थापक मॉरीन म्हणाली. "हातातला हिरा देऊन चार चिठ्ठ्या घ्यायच्या?"

"मॉरीन, मी दहातल्या सहा वेळा चुकतो. सगळेच चुकतात, कबूल कुणी करत नाही. एकाच पाळीवर भिस्त ठेवली, तर माझ्या एका चुकीनं पाच वर्षं मातीत जातात. पाळ्या जास्त असल्या तर चुका परवडतात."

मॉरीननं आवाज खाली आणला. "टायरी तुझ्याकडे दर रविवारी जेवायला येतो ना रे?"

"येतो."

बायको गेल्यापासून त्याच्याकडे दुसरं कुणीच येत नव्हतं.

सौदा झाला त्या दिवशी टायरीचा फोन आला. "तूच सुचवलंस?"

"हो."

फोन बंद झाला. पुन्हा कधी वाजला नाही.

मग तीन हिवाळे संघानं नुसता मार खाल्ला. पहिल्या जादा पाळीतल्या पोराचा गुडघा गेला. दुसरा दोन वर्षं बाकावरच बसून राहिला. "आमच्या टायरीला घालवलंस रे मेल्या!" एका म्हातारीनं ऑर्विलला भर दुकानात सुनावलं. त्यानं मान खाली घातली आणि पाव उचलून घरी आला. तिसऱ्या पाळीत त्यानं लिथुआनियाचा काटकुळा रोकास निवडला. चौथ्या वर्षी रोकासनं संघ उभा केला.

त्याच वर्षी टायरी पाहुण्या संघातून ओमाहात खेळायला आला आणि हरला. रविवारचा सामना दुपारीच संपला. क्रीडागृहातून मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात दोघं समोरासमोर आले. टायरीच्या शेजारी एक तरुण बाई होती.

"तुझं खरं ठरलं, ऑर्विल," टायरी म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"तू छान खेळलास."

"हे कोण रे?" बाईनं विचारलं.

टायरीनं खांद्यावरची पिशवी सावरली. "इथल्या संघात काम करतात. ही माझी बायको, डेनीस. जूनमध्ये लग्न झालं आमचं."

ऑर्विलनं टोपी काढली. "अभिनंदन, बाई. सुखात राहा."

बाहेर पाहुण्यांची बस उभी होती. बोळाचं लोखंडी दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं. ऑर्विल पुढे झाला, दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि पाहुण्यांचा शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्यानं ते धरून ठेवलं.