चार थेंबांची माफी

मी बोलतोय, शिंप्याच्या घरचा कुत्रा. जरा बाजूला बघत ऐकलंत तर बरं. कुणी डोळ्यांत डोळे घालून पाहिलं की माझी जी फजिती होते, तिचीच ही कहाणी.

आम्ही भावंडं लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगाआड जन्मलो. थोरला आडदांड. तो अंगावर आला की मी उताणा पडायचो, शेपूट पोटाशी घ्यायचो आणि चार थेंब सोडायचो. आमच्यात याचा अर्थ सरळ आहे : तू मोठा, मी लहान, भांडण नको. थोरला मला हुंगायचा आणि निघून जायचा. मला कुणी मारलं होतं असं नाही. स्वभावच मुळात मागे सरकणारा.

शिंप्याने मला दुकानाच्या राखणीला आणलं. त्यांना मी बाबा म्हणतो, त्यांच्या बायकोला आई. माणूस मायाळू, पण देह दाराएवढा नि आवाज ढगासारखा. काम आटोपून घरात आले की थेट माझ्यावर वाकायचे, डोक्यावर थापटायला. मी कान पाडायचो, आडवा व्हायचो आणि फरशी ओली.

"अगं, बघ, परत केलं. मुद्दाम करतो हा."

"मुका जीव तो. मुद्दाम कशाला करेल, अहो?" आई फडकं घेऊन यायची.

"मग तोंड का लपवतोय? चोराच्या मनात चांदणं."

माझी मान खाली जायची ती आवाज चढला म्हणून. बाबांना ती कबुली वाटायची. ते ओरडले की मी पुन्हा माफी मागायचो, आणि माझी माफी मागायची रीत तर एकच. आई पुसत असताना मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. बाबांनी माझं नाव शेळपट ठेवलं. त्या नावालाही मी शेपूट हलवायचो, याची लाज वेगळीच.

एकदा गिऱ्हाइकाचा नवा कोट हातात घेऊन बाबा माझ्यावर वाकले. थेंब नेमके लोंबत्या अस्तरावर.

"उद्या याला वखारीत देऊन येतो," ते म्हणाले. "साखळीला बांधतील, मग येईल अंगात धीर."

आईचा एक नेम होता. शब्दाने शब्द वाढू नये म्हणून ती सकाळपासून जेवणापर्यंत मौन धरायची. "नेम तुझा, पुण्य माझ्या कानांना," असं बाबा म्हणायचे. त्या सकाळी ती जमिनीवर बसली होती, माझ्याकडे तोंड न करता, नजर जपमाळेवर. हाक नाही, वाकणं नाही. मी सरकत सरकत गेलो आणि हनुवटी तिच्या मांडीवर ठेवली. फरशी कोरडी राहिली.

दारात बाबा उभे होते, हातात साखळी. ते बोलणार तोच आईने ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची जमीन थोपटली.

"म्हणजे मलाही मौन?" ते पुटपुटले. गुडघे वाजवत बसले. "बघू कुठं?"

आईने खिडकी दाखवली. बाबा गिऱ्हाइकाची वाट पाहावी तसे खिडकीकडे पाहत राहिले. मी जवळ गेलो. त्यांच्या बाहीला दोऱ्याचा आणि खडूचा वास होता. आईने त्यांचा हात तळवा वर करून जमिनीवर ठेवला. मी तो चाटला. पुन्हा फरशी कोरडी.

"म्हणजे घाबरवत मीच होतो याला," बाबा अगदी हळू म्हणाले. "आणि ओरडतही मीच होतो."

आईने जपमाळेचा पुढचा मणी ओढला. बाबांची मान खाली गेली. तशी मान मी चांगली ओळखतो. आमच्यात त्यावर कुणी ओरडत नाही. मी त्यांना हुंगलं आणि सोडून दिलं.

साखळी आता खिळ्याला टांगून गंजते आहे. एखादा पाहुणा धाडकन वाकला तर आजही माझी फजिती होते, आणि लाजेने मी भिंत गाठतो. तुमच्या दारी असा कुणी असेल, तर त्याच्यावर वाकू नका. शेजारी बसा, खिडकीकडे बघा. तो येईल. थोडा उशिरा येईल, पण येईल.