सेलूला उतरलेली बाई

परभणीच्या त्या वादविवाद स्पर्धेत कुणी कोणत्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठी ठरवायची. प्लास्टिकच्या बरणीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या आणि बरणीवर अजून लोणच्याचं लेबल होतं. स्पर्धकानं हात घालायचा, चिठ्ठी उघडायची आणि चहा संपेपर्यंत आपलं ठाम मत काय आहे ते समजून घ्यायचं.

विषय होता, ‘केंद्राची तूट आटोक्यात आणायची तर कर कमी करा आणि सवलती बंद करा.’ रविकांतनं दोन्ही बाजूंची भाषणं पाठ केली होती. आठवडाभर तो सकाळी दात घासताना सरकारनं गरिबावर खर्च वाढवावा म्हणून तळमळायचा, आणि संध्याकाळी कपडे वाळत घालताना तोच खर्च ताबडतोब थांबवा म्हणून गरजायचा. खोलीतला जोडीदार धम्मानंद म्हणाला होता, तुझ्यासंगं राहायचं म्हणजे दिवसातून दोनदा सरकार बदलायलंय.

चिठ्ठीत ‘अनुकूल’ निघालं. म्हणजे कपडे वाळत घालायचं भाषण.

सुरुवात बरी झाली. कर कमी केले की पैसा लोकांच्या हातात राहतो, लोक खर्च करतात, धंदा वाढतो आणि तिजोरी आपोआप भरते, असं तो म्हणाला. आपोआप म्हणजे कशी, हे सांगायच्या जागी त्यानं दोन्ही हात वर नेले. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांपैकी एकानं जांभई दिली. जांभई पाहून रविकांत घाबरला, आणि घाबरला म्हणून त्यानं राखून ठेवलेलं उदाहरण बाहेर काढलं.

“अध्यक्ष महोदय, आमच्या भागात एक माउली आहे. एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून ती घरात थांबतच नाही. कोथिंबीर दारात मिळते, पण ती आणायला माउली सोनपेठच्या बाजाराला जाते, कारण अर्धे पैसे सरकार भरतंय. परवा ती चुकीच्या गाडीत बसली आणि थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सेलूला उतरली. लोक म्हणाले, अहो बाई, तुम्ही चुकलात. माउली काय म्हणाली? ‘अर्ध्यातच चुकले की ओ, पुरी थोडीच चुकले.’”

सभागृह हसून हसून लोळलं. जांभईवाले परीक्षक रुमालानं डोळे पुसायला लागले. रविकांतनं हशा थोडा विरू दिला आणि वाक्य सोडलं, “ही तूट दिल्लीत तयार होत नाही, अध्यक्ष महोदय. ती आपल्या गावच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभी असते.” टाळ्या थांबेनात. एसटीची सवलत राज्याची आणि तूट केंद्राची, दोघांचे खिसे निराळे, हे रविकांतला ठाऊक होतं. परीक्षकांनाही असणार. पण हसणाऱ्या माणसाला कुठं आठवतं कुणाचा खिसा कोणता.

पहिलं बक्षीस घेऊन तो व्यासपीठावरून उतरला तेव्हा त्याला शेवटच्या रांगेत त्याची माय दिसली. सारजाबाई मांडीवर धपाट्यांचा डबा धरून बसली होती आणि दोन्ही हात डबा सांभाळण्यात गुंतलेले असल्यामुळं डब्यावरच टाळ्या वाजवत होती. ती न कळवता खोलीवर आली होती आणि धम्मानंदनं मोठ्या प्रेमानं तिला सभागृहात आणून बसवलं होतं. कधी? तर भाषणासाठी रविकांतचं नाव पुकारायच्या जरा आधी.

डबा तोच होता. सेलूला उतरली त्या दिवशीही हाच डबा तिच्याजवळ होता. ती रविकांतला धपाटे द्यायला निघालेली, आणि घाईत बोर्ड न वाचता चढली. भाषणाला वेळ कमी पडत होता म्हणून एवढं एक वाक्य त्यानं गाळलं होतं.

“लय चांगलं बोललास,” ती म्हणाली. आणि डबा काखेत धरून दाराकडं निघाली.

ट्रॉफी गावात दाखवायलाच पाहिजे म्हणून रविकांत तिच्याबरोबर निघाला. रिक्षात बसून स्टँडवर येईपर्यंत त्यानं स्वतःची समजूत घातली. नाव घेतलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, बायका तर जिल्ह्यात लाखानं आहेत. शिवाय ती मागं बसलेली, माईक खरखरत होता. देव आहे.

सोनपेठच्या गाडीत जागा मिळाली. कंडक्टर आला आणि सवयीनं म्हणाला, “एक फुल्ल, एक हाफ.”

“दोन फुल्ल द्या,” सारजाबाई म्हणाली.

कंडक्टरनं मान वर केली. “मावशी, बायांना हाफ हाय.”

“ठाव हाय मला. मला नको.”

कंडक्टर माणूस साधा होता. आजवर लोकांनी त्याच्याशी कमी पैशासाठी भांडणं केली होती. जास्त पैशासाठी कसं भांडायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, फुल्ल फाडलं आणि मध्येच तपासणीवाले चढले तर ते मलाच धरतील, बाईला का नागवलंस म्हणून. मी काय सांगू?

“सांगा, देशाला तोटा व्हायलाय म्हणून.” तिनं रविकांतकडं बोट केलं. “लेकरू शिकलेलंय माझं. आताच सभेत सांगितलं त्यानं, एवढ्या साहेबलोकांपुढं. म्या रोज जाती-येती. मला काय ठाव, तूट माझ्यामुळं पडायलीय?”

रविकांतनं ट्रॉफी पायांमध्ये दाबली. अख्ख्या सभागृहात त्याचं भाषण एकाच माणसाला पटलं होतं.

मागच्या सीटवरून गावचे तात्याराव उठून पुढं वाकले. तात्यारावांनी पंचाहत्तरी ओलांडलेली असल्यामुळं सरकारनं त्यांचं तिकीट पूर्णच माफ केलं होतं, आणि तेव्हापासून ते काम नसेल त्या दिवशी परभणीला जायचे. “बाई बरोबर बोलायली,” ते म्हणाले. “फुकटच्या खाण्यानं लोक आळशी झाले.” कंडक्टरनं त्यांना विचारलं की तुमी आज कितीचं तिकीट काढलंय. तात्याराव म्हणाले की माझा विषय येगळा हाय.

मग गाडीनं अर्थसंकल्प हातात घेतला. एक जण म्हणाला, डिझेलवरचा कर आधी काढा. दुसरा म्हणाला, काढा, पण आमच्या रस्त्याचं डांबर झाल्यावर काढा. तिसऱ्याला कर अजिबात नको होता आणि गावात दवाखाना, शाळा, विहीर आणि सभामंडप पाहिजे होता. कुणीतरी म्हणालं नोटा छापायच्या सरकारच्या हातात असताना तूट पडतेच कशी, आणि त्यावर मात्र सगळे थोडा वेळ विचारात पडले. शेवटी एका मुद्द्यावर एकमत झालं, की सवलती बंद व्हायला पाहिजेत. दुसऱ्याच्या.

या गोंधळात कंडक्टरनं सारजाबाईच्या हातात हाफ तिकीट कोंबलं आणि तो पुढं पळाला. तिनं ते घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. रविकांतला वाटलं, सुटलो.

पोखर्णीला गाडी थांबली आणि निघाली, तशी सारजाबाई उठून उभी राहिली. वरच्या दांडीला हात पोहोचत नव्हता म्हणून तिनं सीटचा कोपरा धरला.

“माय, काय करायलीस? बस.”

“अर्ध्या पैशात अर्ध्या रस्त्याला बसले. झालं माझं.”

गाडीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाजाराची पिशवी घेतलेली एक जण शेजारणीला म्हणाली, आता आपुनबी उठावं का काय? एक कॉलेजची पोरगी उठली, इकडं तिकडं पाहिलं आणि परत बसली. सारजाबाईच्या हिशोबानं तात्यारावांना गाडीमागं पळत यावं लागलं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

लोक तिच्याकडं बघत होते, मग त्याच्याकडं, मग त्याच्या ट्रॉफीकडं. आता एकच उपाय होता, तिला पटवायचं की ती चुकत नाही. त्यानं ट्रॉफी सीटवर ठेवली, तो उभा राहिला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, “अध्यक्ष महोदय.”

गाडी हसली. पण तो थांबला नाही. दात घासायचं भाषण सुरू झालं. साबणाच्या वडीत कर आहे, तो माझी माय भरते. चप्पल घेतली की भरते, औषध घेतलं की भरते. बारा लाखांपर्यंतच्या कमाईवर कर माफ झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी त्याला फुकट म्हणालं नाही, मग बाईचं अर्धं तिकीटच फुकट कसं? त्या अर्ध्या तिकिटावर बाई दवाखान्यात जाते, माहेराला जाते, लेकराला भेटायला जाते. सरकारचा खर्च म्हणजे पाण्यात गेलेला पैसा नव्हे, तो कुणाला तरी कुठंतरी पोहोचवतो. आणि एसटीची सवलत राज्य देतं, दिल्लीची तूट तिच्या माथी मारणारा माणूस एक तर अडाणी असतो नाही तर लबाड.

एवढं चांगलं तो कधीच बोलला नव्हता. टाळ्या पडल्या. तात्यारावांनी डोळे उघडून वाजवल्या. कंडक्टर तर पुढून ओरडला की मावशी, आता तरी बसा.

सारजाबाई उभीच होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

“हेबी तुलाच येत होतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“मंग तिथं का न्हाई बोललास?”

रविकांत खाली बघत म्हणाला, “चिठ्ठी दुसरी निघाली, माय.”

तिनं यावर विचार केला. गाडी दोन खड्ड्यांतून गेली. मग ती हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “म्हंजे चिठ्ठी चांगली निघाली असती, तर मी चांगली असते.”

रविकांतनं मान वर केली.

“तुला कळलं होतं?” त्यानं विचारलं.

“सेलूला मीच उतरले होते की रे. पयले मीबी हसले सगळ्यांसंगं, कोन बाई हाय म्हणून. मंग ध्यानात आलं.” तिनं पदर सारखा केला. “तू तापीनं पडला होतास. तुला हसू यावं म्हणून सांगितलं होतं मी ते.”

तो तिच्याशेजारी उभा राहिला. बस म्हणायची हिंमत झाली नाही आणि स्वतः बसायची तर नाहीच. ती म्हणाली, तू कामून उभा, तुझं फुल्ल हाय. तो हलला नाही. अशा रीतीनं दोघं उभे आणि ट्रॉफी खिडकीशी, असा प्रवास सुरू झाला. ट्रॉफीवर माईकसमोर हात उंचावलेला एक सोनेरी माणूस होता. कारखान्यात त्याला हात दिले होते, माईक दिला होता, तोंड करायचं राहून गेलं होतं.

गोदावरीचा पूल गेला. पुढच्या फाट्यावर एक बाई गाठोडं घेऊन चढली, हाफ तिकीट काढलं आणि रिकामी सीट शोधत या दोघांजवळ आली. रविकांतनं ट्रॉफी उचलून घेतली. बाई बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि ट्रॉफीकडं निरखून पाहिलं.

“कशाचं बक्षीस म्हणावं?”

रविकांतनं तोंड उघडलं, पण सारजाबाई आधी बोलली. “बोलण्याचं हाय. पयला आला. लेक हाय माझा.”

“आगं बाई. कशावर बोलला?”

“माझ्यावर,” सारजाबाई म्हणाली.

बाईनं एकदा तिच्याकडं आणि एकदा रविकांतकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. “नशीब काढलंत बाई,” ती म्हणाली. “आमच्यावर कोन बोलतंय?” आणि एवढ्या भाग्यवान बाईला उभं कसं ठेवायचं म्हणून ती कडेला सरकली, अर्ध्या सीटवर थाप मारली आणि म्हणाली, बसा की.

सारजाबाईनं अर्ध्या सीटकडं पाहिलं. तिला ते चालण्यासारखं वाटलं. ती बसली, मांडीवर डबा उघडला आणि एक धपाटं त्या बाईला दिलं.

रविकांतला कुणी दिलं नाही. त्यानं मागितलंही नाही. सोनपेठ येईपर्यंत तो ट्रॉफी कधी या हातात, कधी त्या हातात धरत राहिला.