टेबलावर राहिलेली काडेपेटी

काडेपेटी टेबलावरच होती. हाल्डिसने ती आत्ता पाहिली. ज्या गाठोड्यात ती असायला हवी होती, ते गस्तीच्या विमानाने नुकतंच उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या किनाऱ्यावर टाकलं होतं. बर्फ फुटून पाण्यात पडलेले दोन संशोधक कसेबसे तिथल्या एका जुन्या झोपडीपर्यंत पोचले होते, त्यांच्यासाठी. धुक्यामुळे हेलिकॉप्टर तीन तास तरी जाणार नव्हतं.

विमानातून टाकायची मदतीची गाठोडी बांधणं हे तिचं एकतीस वर्षांचं काम. यादी तोंडपाठ. एकच गोष्ट ती यादीबाहेरची करायची. काडेपेटी अर्धी उघडून तीन काड्या बाहेर ओढून ठेवायची. ध्रुवाकडच्या मोहिमांत हिवाळे काढलेल्या आजोबांची ती शिस्त. झोपडी सोडताना काड्या अशा ठेवायच्या, म्हणजे पुढच्याची बोटं गोठली असली तरी दातांनी ओढता येतात. आज सकाळी त्यासाठीच तिने पेटी बाहेर काढली, वैमानिक एलिफ घाई करत दारात आला, आणि गाठोड्याचे पट्टे तसेच आवळले गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ती धापा टाकत जिना चढून नियंत्रण कक्षात गेली.

"वेगार्ड, गाठोड्यात काड्या नाहीत."

तिचा अधिकारी वेगार्ड तिच्या मुलाच्या वयाचा. "काय बोलतेस?"

"माझ्या टेबलावर राहिल्या. एलिफला सांग, कुणाकडे लायटर-बियटर असेल तर टाका म्हणावं."

वेगार्डने निरोप दिला. एलिफचा आवाज खरखरत आला. "लायटर कशाला? धुराड्यातून धूर निघतोय की."

"कसा काय?" वेगार्डने विचारलं.

"गाठोड्यातल्या रेडिओवर बोललो त्यांच्याशी. शेगडीपाशी कुणा शिकाऱ्याने सरपण फोडून ठेवलं होतं. वर काडेपेटी, तीन काड्या बाहेर. एकाने दातांनी ओढली म्हणे. आता गाठोड्यातलं हाल्डिसचं चॉकलेट हाणतायत."

हाल्डिसचा जीव भांड्यात पडला. खुर्ची आहे की नाही हे न बघताच ती खाली बसली, नशिबाने होती. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं.

"सुटलीस बाई," वेगार्ड म्हणाला. "सहा महिन्यांत निवृत्त होतेयस. मी काही ऐकलं नाही."

"मी बोलले आणि तू ऐकलंस."

"अगं, आग पेटली ना?"

"दुसऱ्याच्या काड्यांनी पेटली. पुढचं गाठोडं उघड्या बर्फावर पडेल, तिथे कसली झोपडी? चूक नोंदवायचा फॉर्म दे."

"चौकशी लागेल."

"लागू दे. कॉफी देतात का चौकशीत?"

"देतात. भिकार असते."

"चालेल."

'चूक कोणाची' या रकान्यात तिने आडनावासकट आपलं नाव लिहिलं. मग नीट वाचता यावीत म्हणून शेवटची अक्षरं तिने पुन्हा गिरवली.