ज्या संध्याकाळी मुसळं थांबली नाहीत

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. हसू नका! माझी काच तडकली आहे, एक बटण हरवलंय आणि त्या जागी लाकडाचा तुकडा ठोकलाय, हे मला ठाऊक आहे. पण एके काळी अख्खं गाव माझ्यासाठी श्वास रोखून उभं राहायचं, हेही खरं आहे.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. जहाजाने मी जोहान्सबर्गच्या दुकानात आलो आणि तिथे एका खाणकामगाराने मला विकत घेतलं. त्याने मला घोंगडीत गुंडाळून थेट मलावीच्या उत्तरेला, रुंफीजवळच्या आपल्या गावी आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "आई, मला खाणीत परत जायचंय. हा बोलेल तुझ्याशी."

ती म्हणजे आमची न्यागोंद्वे आजी, म्हणजे गोंद्वेंची लेक. आणि मी बोललो की! तिच्याच तुंबुका भाषेत गाणी म्हटली, तंबाखूचे भाव सांगितले. माझे सेल उतरले की आजी ते मिरच्यांसारखे उन्हात वाळत घालायची. "ऊन खाल्लंस? आता बोल बघू," असं दटावायची. शेजारची न्याचिर्वा चिडवायची, "नवऱ्याला कधी एवढं जपलं नाहीस गं!"

"नवरा कधी एवढं बोलला नाही गं," आजी म्हणायची.

माझं सगळ्यात मोठं काम मात्र संध्याकाळी असायचं. तेव्हा ढोल वाजायचा आणि कोण कुठे वारलं, दफन कधी, ते मी सांगायचो. त्या वेळी अंगणाअंगणांत बायका मका कांडत असायच्या. ढोलामागून "ऐका हो" एवढे शब्द आले की एकेक मुसळ थांबायचं. पार ओढ्यापलीकडचंसुद्धा! मेलेल्या माणसाचं नाव कांडणाच्या आवाजात बुडू द्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. केवढा मान होता तो माझा!

मग अडुसष्ट साल उजाडलं. देशाची एकच भाषा ठरली, चेवा. रेडिओवरून आणि छापील कागदांवरून तुंबुका गेली. मित्रांनो, माझा घसा तोच होता, पण त्यातून येणारे शब्द आजीला परके झाले.

आंब्याखाली मोठा वाद झाला. सत्ताधारी पक्षाचे गावातले अध्यक्ष झिंबा म्हणाले, "एका घरात दहा तोंडं बोलायला लागली तर घर चालेल का?"

"चालतं की!" आजी म्हणाली. "तुझ्या दोन बायका बोलतात, तू गप्प बसतोस. म्हणून तर चालतं तुझं."

सगळे खो खो हसले. झिंबा हसले नाहीत. शाळेतले न्यिरेंदा मास्तर शांतपणे म्हणाले, "मुलांना चेवा मी शिकवतोच आहे, आनंदाने शिकवतो. पण म्हाताऱ्यांनी काय करायचं? निदान मृत्यूची बातमी तरी त्यांना कळेल अशी द्या."

"मास्तर, जीभ आवरा," झिंबा म्हणाले.

आजीला खरी काळजी होती ती एनेलेसीची. ही तिची थोरली बहीण, दूर म्झिंबा गावी दिलेली. तिच्या छातीत पाणी झालं होतं. आजी मास्तरांना म्हणाली, "माझ्या आईच्या मयताला आम्ही दोघींनी मिळून माती दिली. एनेलेसीने मला शब्द घातलाय, की तिच्यावर पहिली मूठ मी टाकायची. मला कळायला हवं हो, मास्तर."

मास्तरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. पंधरा दिवसांनी दोन माणसं मात्र आली, हातात तेच पत्र घेऊन. मास्तर त्यांच्या गाडीत बसले. जाताना आजीच्या नातीला, शाळेत जाणाऱ्या तोवेराला म्हणाले, "आजीजवळ बसून ऐकत जा. तुला चेवा येते."

त्यानंतर आंब्याखाली कोणी वाद घातला नाही. लोक पावसापाण्याचं बोलायचे, तेही इकडेतिकडे बघून.

तोवेरा रोज माझ्याजवळ बसायची. पण ढोल वाजला तरी पुढचे शब्द कळेनात, म्हणून मुसळं थांबणं हळूहळू बंद झालं. आणि एका संध्याकाळी, घरात पाणी नव्हतं म्हणून तोवेरा ओढ्यावर गेली.

त्याच संध्याकाळी मला ते सांगावं लागलं. एनेलेसी गोंद्वे. दफन उद्या दुपारी. मी मोठ्याने सांगितलं हो! पण चार हातांवर आजी कांडत होती, न्याचिर्वा कांडत होती, सगळं गाव कांडत होतं. मला दिसत होतं, आजी चक्क गाणं गुणगुणत होती. ते एनेलेसीनेच तिला शिकवलेलं कांडणाचं गाणं होतं. मी नाव घेत होतो आणि ती त्या नावावर मुसळ मारत होती.

चौथ्या दिवशी एनेलेसीचा मुलगा वेझी आला. डोकं भादरलेलं. दारातूनच म्हणाला, "मावशी, तू का आली नाहीस? एक दिवस जास्त थांबलो आम्ही. रेडिओवर तर सांगितलं होतं!"

आजीने हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. तोवेरा रडायला लागली, "मी पाण्याला गेले होते गं, आजी..."

"तुझं नाही बाळा चुकलं," आजी म्हणाली. मग मला म्हणाली, "तू माझ्यासमोरच सांगितलंस, होय ना?"

तिने मला फोडलं नाही. सेल काढले, आपल्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि मक्याच्या कणगीत ठेवून दिलं. पुन्हा कधी काढलं नाही. मास्तरही कधी परतले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी सरकार बदललं, तुंबुका परत आली. तोवेराने, आता तिचेही केस पिकलेत, मला बाहेर काढून नवे सेल घातले. ढोल वाजला. "ऐका हो," मी म्हणालो, आजीच्या भाषेत. शेंगदाणे कांडणाऱ्या तोवेराचं मुसळ हवेतच थांबलं. नाव कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं होतं. तरी ती शेवटपर्यंत तशीच उभी राहिली. न्यागोंद्वे आजी मात्र टेकडीवर, मातीखाली होती.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात आमच्यापैकी कोणी बोलत असेल, तेव्हा एकदा मागे वळून बघा. तिथे कोणी न कळता कांडत राहिलं असेल, तर जाऊन त्यांचं मुसळ धरा. आणि त्यांना कळेल अशा भाषेत, हळूच सांगा.