बुधवारचं हिरवं नाणं

बायको गेल्यापासून फर्निचर पॉलिशवाल्या काकांना घर खायला उठायचं. मुलगा दर रविवारी फोन करून "जेवलात का?" विचारायचा आणि "हो" ऐकलं की ठेवून द्यायचा. बोलायला म्हणून आठवड्यात उरला होता एक बुधवार.

बुधवारी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत कुणाचंही जुनं नाणं फुकट तपासून मिळायचं. बाजारात घेतलेलं एक हिरवट तांब्याचं नाणं घेऊन काका पहिल्यांदा गेले, तेव्हा तपासनीस बाईंनी त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. "हे बघा काका, जमिनीत पडून राहिलेल्या तांब्यावर आधी तांबूस थर धरतो, त्यावर हिरवा. तुमच्या नाण्यावर नुसताच हिरवा आहे. कुणीतरी फासलाय." त्यांनी ओला कापूस फिरवला, तर कापूसच हिरवा झाला. काका चांगलेच फसले होते, पण वाईट वाटून घ्यायला त्यांना सवड कुठे होती? त्यांच्याशी इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं कित्येक महिन्यांत.

आता दुसरं हिरवं नाणं कुठून आणायचं? नव्या लाकडाला जुनं रूप देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने हा प्रश्न विचारावा म्हणजे कमालच. भंगारवाल्याकडून झिजलेली नाणी आणून काकांनी स्वयंपाकघरात व्हिनेगर आणि मीठ घेऊन उद्योग आरंभला. अडचण एकच होती. थर कच्चा असला की बाई दोन मिनिटांत "खोटं" म्हणून मोकळ्या. थर जितका पक्का, तितकी बैठक लांबायची. म्हणून बाई जी खूण पकडतील ती काका पुढच्या नाण्यात ठेवायचे नाहीत. तांबूस थर नाही म्हणाल्या, तर नाणं आधी आचेवर धरलं. तपासणीच्या यंत्राला मिठाचा अंश सापडला म्हणाल्या, तर मीठ सोडलं आणि नाणं ओल्या मातीच्या कुंडीत पुरलं. रोज कुंडीला पाणी घालताना पाहून शेजारीण म्हणाली, "बरं झालं, काकांचं मन रमलं."

प्रयोगशाळेच्या दारावर मात्र पाटी होती. स्वतः बनवलेलं नाणं आणणाऱ्याला पुन्हा प्रवेश नाही. चोराच्या मनात चांदणं. बाईंनी भिंग उचललं की काकांची नजर दाराकडे जायची.

कुंडीतलं नाणं चांगलं मुरल्यावर काका ते घेऊन गेले. कापूस पांढराच राहिला. सूक्ष्मदर्शकात दोन्ही थर दिसले. यंत्राचीही काही तक्रार नव्हती.

"अभिनंदन काका!" बाईंचा चेहरा खुलला. "अस्सल आहे. संपले तुमचे हेलपाटे. हे आमच्याकडे मांडायला द्याल का? खाली तुमचं नाव लावू."

अति तिथं माती म्हणतात ते हेच. गप्प बसले असते तर नाव लागलं असतं, पुढच्या बुधवारी नवं नाणं घेऊन येताही आलं असतं. पण उद्या कुणी जाणत्याने ते ओळखलं, तर नाक कापलं जाणार होतं बाईंचं. आणि नवं टेबल जुनं म्हणून काकांनी जन्मात कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं.

"मॅडम, ते मी केलंय," काका म्हणाले. "घरी. कुंडीत."

बाईंचा हात थांबला. "विकायला?"

"छे हो. तुम्ही तासभर बोलता म्हणून."

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल, काका. यापुढे तुम्हाला येता नाही येणार."

"माहीत आहे. पाटी वाचतो मी दर वेळी."

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "पण कसं केलंत ते सगळं सांगून जा. आम्ही पुन्हा फसायला नको."

काका स्टुलावर नीट सरसावून बसले. सांगून झालं की उठावं लागणार होतं.

"माती कुठली वापरलीत?" बाईंनी पेन उघडलं.

"मातीचं पुढे येतं," काका म्हणाले. "आधी तो भंगारवाला कसा भेटला, ते ऐका."