दोन जावांचा पाइप

थोरलीच्या नवऱ्याने सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, तेव्हा घरातल्या बायकांनीही एकमेकींशी बोलायचं नाही हे ओघानेच आलं. थोरलीने ते निष्ठेने पाळलं. दुकानात, रस्त्यात, दवाखान्यात धाकटी जाऊ समोर आली की ती मान वळवून विजेच्या खांबाकडे बघायची. धाकटीही काही कमी नव्हती. ती त्याच खांबाकडे बघायची.

बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं. वाजवायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

घर मुळात एकच. सासरे गेल्यावर दोघा भावांनी ते गुण्यागोविंदाने मधोमध वाटून घेतलं, मध्ये भिंत घातली आणि भिंतीसमोर उभं राहून हसतमुख फोटोही काढला. वाटायची राहिली ती फक्त नळाची लाइन. लोखंडी पाइप रस्त्यावरून आधी थोरलीच्या स्वयंपाकघरात यायचा, ओट्याखालून भिंतीत शिरायचा आणि पलीकडे धाकटीच्या ओट्याखाली निघायचा. सासऱ्यांनी तो स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. "शंभर वर्षं बघायला नको," असं ते म्हणत. मुलं आज्ञाधारक होती. त्यांनी बघितलंच नाही.

हळूहळू पाण्याची धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, आणि रंग चहाचा आला. थोरल्यांच्या मते धाकट्याने चोरून पंप लावला होता आणि तो सगळं पाणी पलीकडे ओढत होता. धाकट्याच्या मते दादाने भिंतीजवळचा कॉक अर्धा बंद करून ठेवला होता. दोघेही शिकलेले, दोघांनीही आपापलं म्हणणं मुद्देसूद मांडलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं दोघांनीही तोंड उघडलं नाही.

पण स्वयंपाक थांबत नाही. एकीने नळ सोडला की दुसरीकडे नुसता वारा यायचा. तेव्हा थोरलीने एकदा वैतागून पळीने पाइपवर एक टोला हाणला: मी घेतेय, थांब. पलीकडून एक टोला आला: बरं. काम झाल्यावर दोन टोले: घे आता. इथवर निव्वळ पाण्याचा व्यवहार होता. मग तीन टोले म्हणजे "आमचे बाहेर गेलेत" असं झालं. पळी पाइपवर खरडली तर "आमचे चिडलेत". एक लांब, एक आखूड म्हणजे "डोकं दुखतंय". आणि पळी भराभर वाजली की ते हसणं. धाकटी फार छान हसायची. पाइपभर हसायची.

थोरलीच्या दिवसाला या टोल्यांचा आधार होता. नवरा चांगला होता, पण तो दिवसभर वर्तमानपत्रामागे असायचा आणि मधूनच "हं" करायचा. त्या "हं"पेक्षा पाइप पुष्कळ बोलका होता.

थोरल्यांना रोज सकाळी एक काम असे. ओट्याखाली वाकून ते भिंतीजवळचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, हे पान्याने बघत. आपल्या बाजूने अन्याय झाला असं उद्या कोणी म्हणायला नको. कॉक उघडाच असायचा. तरी ते सचोटीचा म्हणून आणखी एक पिळा देत. इतकी वर्षं रोज थोडा थोडा प्रामाणिकपणा सोसून एका सकाळी तो कॉक, खालचं सॉकेट आणि वीतभर पाइप यांच्यासकट त्यांच्या हातात आला. बिस्कीट मोडावं तसा.

"अगं, पाणी!" थोरले ओरडले. कित्येक वर्षांत त्या घरात पाण्याबद्दल इतक्या आनंदाने कोणी ओरडलं नव्हतं, पण तो आनंद नव्हता. ते छातीपर्यंत भिजले होते.

प्लंबर आला. त्याने रस्त्याकडचा नळ बंद केला, ओट्याखाली डोकं घातलं आणि डोकं बाहेर न काढताच म्हणाला, "बघा, मी काही बोलत नाही." मग तो बराच वेळ बोलला. सगळी लाइन सडली होती. दोन्ही घरांतून काढायची, प्लास्टिकची टाकायची, अर्ध्याने भागणार नाही.

"नवीन पाइप वाजतात का हो?" थोरलीने विचारलं.

"नाही ताई, एकदम शांत. काही त्रास नाही."

"त्रास कोणाला होता?"

प्लंबरने डोकं बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. ती घाईने म्हणाली, "म्हणजे, लोखंडीच टाका ना पुन्हा. मजबूत असतं."

"लोखंडीच का?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांची आठवण," थोरली म्हणाली.

थोरले हलले. त्यांचे डोळे भरून आले. सासऱ्यांशी तिचं एक दिवसही पटलं नव्हतं, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि बाईच्या मनाचा थांग लागत नाही तो असा, असं त्यांना वाटलं. पण प्लंबर ऐकेना. "पुन्हा गंजेल. पुन्हा मलाच बोलावाल. मला चालेल, पण तुम्हाला चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी काम ठरलं. दोन्ही भाऊ हजर हवेत, असं प्लंबरने बजावलं होतं. म्हणून इतक्या वर्षांनी धाकटे थोरल्यांच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"त्यांना सांगा, पाइप कुठून न्यायचा ते मी ठरवणार," थोरले प्लंबरला म्हणाले.

"त्यांना सांगा, माझ्या घरातलं मी ठरवणार," धाकटे प्लंबरला म्हणाले.

"त्यांना ऐकू आलं," प्लंबर म्हणाला. "दोघांनाही. मी नळाचे जोड लावतो हो, माणसांचे नाही. जरा सरका, करवत घेऊ द्या."

तो हत्यारं काढत होता तेवढ्यात थोरली ओट्याखाली वाकली आणि भिंतीतून बाहेर उरलेल्या पाइपवर तिने पळीने एक लांब, एक आखूड वाजवला. पलीकडून लगेच तसंच आलं. मग थोरलीला काय वाजवावं ते सुचेना. निरोप घेण्याचा टोला त्यांनी ठरवलाच नव्हता. तिने नुसतीच पळी पाइपला टेकवून ठेवली. पलीकडेही काही वाजलं नाही, पण पळीला बारीक थरथर लागत होती.

"आत काहीतरी सुटलंय," प्लंबर कान देऊन म्हणाला. "बरं झालं, वेळेवर काढतोय."

त्याने पाइप कापला. कापलेला तुकडा फरशीवर आपटला तर त्यातून तपकिरी चिखल पडला, आणि खपल्या, आणि पुन्हा चिखल. मग त्याने तुकडा थोरल्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आत सगळा गंज दाटला होता. मधोमध जे भोक उरलं होतं त्यातून काडेपेटीची काडी गेली असती. दुसरी अडकली असती.

थोरल्यांनी तुकडा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. मग धाकट्यांकडे दिला. धाकट्यांनी लावला. पंप नव्हता. बंद कॉक नव्हता. दोघांचेही चेहरे सुतकी झाले. इतकी वर्षं खतपाणी घालून वाढवलेलं वैर एका फुटभर लोखंडाने असं बसल्या जागी खोटं पाडावं, हे दोघांनाही सहन होईना.

"हा तुकडा," थोरले शेवटी घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या बाजूचा दिसतो."

"माझ्या?" धाकटे म्हणाले. "दादा, डोळे तपासून घे. भिंतीच्या अलीकडचा आहे तो. तुझ्या घरातला गंज आहे तो!"

"माझ्या घरात इतका गंज नाही!"

"बघून घे मग!"

प्लंबरने करवत खाली ठेवली. "तुकडे पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "सावकाश भांडा. मला भिंत फोडायची आहे."

पाइपचा बाक भिंतीच्या पोटात वर चढून असा रुतला होता, की तो काढायला ओट्याच्या कडेला, खिडकीच्या उंचीवर ताटाएवढं भगदाड पाडावं लागलं. धूळ खाली बसली तेव्हा भगदाडात धाकटीचा चेहरा दिसला. थोरली वाकून बघत राहिली. धाकटीला चष्मा लागला होता. केस पांढरे झाले होते, पण नीट, तिला शोभतील असे. विजेच्या खांबाकडे बघताना हे काही लक्षात आलं नव्हतं.

दोघींना बोलता येईना. सवयच गेली होती. थोरलीचा हात नकळत पळी शोधू लागला.

"काय गं?" शेवटी ती म्हणाली.

"काही नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि हसली. पळीपेक्षाही छान हसली.

संध्याकाळपर्यंत नवे पाइप बसले. नळ सोडला तर पाणी असं आलं, की पातेल्यातून उसळून थोरलीच्या अंगावर गेलं. पाणी स्वच्छ होतं. पलीकडून त्याच वेळी धाकटीची किंकाळी आली, म्हणजे तिकडेही आलं. थोरलीने पळी उचलली आणि नव्या पाइपवर टोला मारला. गादीवर मारल्यासारखं झालं. नळ भरभरून वाहत होता, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"भगदाड उद्या बुजवतो," प्लंबर म्हणाला. "सिमेंट आणतो येताना."

रात्री जेवताना थोरले गंजाबद्दलच बोलत होते. ते बोलत होते, हेच थोरलीला नवीन होतं. वर्तमानपत्र घडीही न मोडता पडलं होतं. भगदाडातून मधूनमधून धाकटे काहीतरी टाकत आणि थोरले ते ताबडतोब परतवत.

"वडील तुला जास्त मानायचे, म्हणून लाइन तुझ्याकडून नेली!"

"माझ्याकडून नेली म्हणून गंजही माझ्याकडेच राहिला ना! तुला फुकट पाणी!"

"कुठलं पाणी? काडीएवढं!"

थोरलीने भांडी आवरता आवरता भगदाडाकडे पाहिलं. पलीकडून धाकटी तिच्याकडेच बघत होती. दोघींमध्ये एक अक्षरही बोललं गेलं नाही. पण एवढी वर्षं एका पाइपवर काढलेल्या बायकांना अक्षर लागत नाही.

सकाळी प्लंबर घमेलं भरून आला. त्याने सिमेंट कालवलं आणि थापी उचलली.

"बुजवून टाकू द्या," थोरली नवऱ्याला म्हणाली. "रात्री शेवटचं भाऊजीच बोलले. राहू द्या. त्यांचंच खरं म्हणायचं, झालं."

थोरल्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

पलीकडून धाकटीचा आवाज येत होता. "अहो, बुजवू द्या ना. दादांचं ऐकून तुम्हाला उत्तर सुचेना, हे सगळ्यांना दिसलंय. आता वाढवू नका."

"थांबा!" थोरले म्हणाले.

"थांबा!" भगदाडातून धाकटे म्हणाले.

प्लंबर थापी हातात घेऊन थांबला. त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "सिमेंट घट्ट होतंय," तो म्हणाला. "बघा, मी काही बोलत नाही. पण कालवलेलं आहे. कुठेतरी लावावं तर लागेल."

"कडांना लावा ना," थोरली म्हणाली. "विटा टोकदार आहेत. कोणाचा हात खरचटायला नको."

"आणि खालची बाजू जरा रुंद करा," पलीकडून धाकटी म्हणाली.

प्लंबरने बायकांकडे पाहिलं. त्याने भगदाडाच्या कडा गुळगुळीत करून दिल्या. खाली छान सपाट पट्टी केली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी थापी फिरवली, मागे सरकून बघितलं, पुन्हा एकदा फिरवली. "दोन दिवस हात लावायचा नाही," एवढं बजावून तो घमेलं धुवायला नळाखाली गेला, आणि पाणी एवढ्या जोरात आलं की तोही दचकला.

धाकट्यांनी रात्रभर तयारी केली होती. ते पलीकडून तरातरा आले आणि मुद्दा क्रमांक एक मांडण्यासाठी त्यांनी ओल्या सिमेंटवर कोपर टेकलं.

"दादा, तू आधी माझं पूर्ण ऐकून घे."

"ऐकतो," थोरले खुर्ची भिंतीजवळ ओढत म्हणाले. "आधी कोपर उचल, गाढवा."